सही नाकारणारा अभियंता घडवा

जून उजाडला की चिंचोटी नाक्यावरची होर्डिंगं बदलतात. 'स्टेशनपासून दहा मिनिटांत' म्हणणारे गृहप्रकल्प खाली उतरतात आणि त्यांच्या जागी इंजिनिअरिंग कॉलेजं चढतात. सर्वांत मोठं पॅकेज किती लाखांचं, कुठल्या कंपन्या येऊन गेल्या, वसतिगृहात एसी आहे की नाही, सगळं ठळक अक्षरांत. मिशनच्या कॉलेजांच्या माहितीपुस्तिकाही याला फारशा अपवाद नसतात. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात क्रूस, पहिल्या पानावर एखाद्या संताचा फोटो आणि दुसऱ्या पानापासून पॅकेज. मला एवढंच विचारायचं आहे : तो क्रूस आणि तो फोटो बोटाने झाकून पुस्तिका वाचली, तर ही संस्था चर्चची आहे हे ओळखू येईल का? येणार नसेल, तर चर्चने हा खटाटोप करायचाच कशाला? खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांची महाराष्ट्रात वाण नाही.

मी ख्रिस्ती नाही. चिंचोटीचा आगरी आहे. मागे तुंगारेश्वरचा डोंगर, पुढे अहमदाबाद महामार्ग, त्याच्या पलीकडे खाजण आणि मिठागरं, या पट्ट्यात वाढलो. शाळा मात्र वसईतली, मिशनची. तिथे वर्कशॉप शिकवणारे एक ब्रदर होते. कानशीने घासून आणलेला लोखंडी तुकडा हातात आला, की ते दिसणारी बाजू बघायचेच नाहीत. तुकडा उलटा करून आतल्या कडेला गुण्या लावायचे. आतली बाजू तिरकी असली की तुकडा परत. "बाहेरचं सगळेच सरळ करतात," एवढंच बोलायचे. पुढे सरकारी कॉलेजातून स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि आज माझं पोट जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटवर चालतं. त्या शाळेचं देणं लागतो, म्हणूनच हा प्रश्न बाहेरच्याने विचारावा तसा नव्हे, तर घरच्याने विचारावा तसा विचारतो आहे.

माझ्या धंद्यातले मित्र यावर हसतात. म्हणतात, बीम काय ख्रिस्ती असतो की हिंदू? आयएस ४५६ सगळ्यांना सारखंच. काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं की त्याची ताकद कमी होते, मग ते चर्चचं असो की देवळाचं. बरोबर आहे. गणितात धर्म आणू नये, आणला तर इमारत पडेल. पण ज्यांनी या धंद्यात थोडे पावसाळे काढले आहेत त्यांना माहीत आहे, की गणित ही या कामातली सोपी बाजू आहे. कठीण बाजू गणित संपल्यावर सुरू होते, कागद पुढे येतो आणि पेन हातात असतं तेव्हा.

ऑडिट करून झालं की इमारतीला वर्ग द्यावा लागतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक : ताबडतोब रिकामी करा आणि पाडा. सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. हातोडा मारून, कोअर काढून, सळईचा गंज मोजून जे आकडे येतात ते बहुतेक वेळा स्वच्छ बोलतात. वसई-विरारच्या पूर्वेकडच्या कितीतरी इमारतींत मी खाडीची न धुतलेली रेती पाहिली आहे. त्या रेतीतलं मीठ सळई आतून खातं. सळईवर अर्ध्या इंचाचंही आवरण नाही, असे स्लॅब पाहिले आहेत. प्यायलाच टँकर, तर क्युरिंगला पाणी कुठून आणणार? त्यामुळे काँक्रीट कोवळेपणीच सुकलेलं. गंजलेली सळई फुगते, प्लॅस्टर फोडते, आणि सोसायटी त्यावर पुट्टी लावून रंग मारते.

अशाच एका इमारतीचा सेक्रेटरी माझ्याकडे आला होता. मूळचा मालवणचा, एका कंपनीत फोरमन. त्याने पैशाचं पाकीट आणलं नव्हतं, धमकीही दिली नाही. दोन्हींची मला सवय आहे, त्यांना नाही म्हणणं तुलनेने सोपं असतं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, सी-वन नका लिहू. सी-टू-बी लिहा. सी-वन लिहिलंत तर महापालिका पाणी-वीज तोडेल. इमारत अनधिकृत आहे, पुनर्विकासाला कोण बिल्डर येणार? बँकेचे हप्ते चालूच राहणार. आम्ही पोरंबाळं घेऊन जायचं कुठे?" आकडे सी-१चे होते. मी सी-१च लिहिलं. पण त्या दिवशी मला नीट कळलं, की खरं लिहून मोकळं होणं ही अर्धीच गोष्ट आहे. खऱ्या कागदाने रस्त्यावर येणाऱ्या माणसांचं पुढे काय, याचं उत्तर माझ्या शिक्षणाने मला कधी शिकवलंच नव्हतं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. ख्रिस्ती संस्थेतल्या अभियांत्रिकी शिक्षणाचं ध्येय दुहेरी असलं पाहिजे. एक, कागदावर खोटं न लिहिणारा अभियंता. दोन, खरं लिहिल्यावर ज्यांचं छप्पर जातं त्यांना सोडून न पळणारा अभियंता. पहिल्याशिवाय दुसरा म्हणजे नुसता कनवाळू लबाड. दुसऱ्याशिवाय पहिला म्हणजे नुसता हात झटकणारा कारकून. दोन्ही एका माणसात घडवणं कठीण आहे, आणि म्हणूनच त्याला संस्था लागते.

गेल्या काही वर्षांत आमच्या भागाने या दोन्हींच्या अभावाची किंमत मोजली आहे. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या २०२५च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबं बेघर झाली. त्याआधी २०२३ मध्ये बनावट बांधकाम परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींचं प्रकरण विरार पोलिसांनी बाहेर काढलं होतं. आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्रीच्या सुमारास, विरार पूर्वेच्या विजय नगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. वीस वर्षंही न झालेली इमारत होती ती. कायदा ऑडिट मागतो तो तीस वर्षांनंतर.

अशा वेळी आमच्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "बेकायदा इमारतीत घर घेतलंच कशाला? स्वस्तात हवं होतं ना, भोगा." हे मी सुशिक्षित तोंडांतून ऐकलं आहे, अभियंत्यांच्याही. शाळेत एका फादरांनी सांगितलेली बायबलमधली गोष्ट मला अशा वेळी आठवते. लूकच्या शुभवर्तमानात सिलोआमचा बुरूज पडून अठरा जण मेल्याचा उल्लेख आहे. येशू लोकांना विचारतो, की हे अठरा जण यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तर देतो : नाही. मग ऐकणाऱ्यांनाच सांगतो, तुम्ही बदला. ढिगाऱ्याखाली सापडलेल्याला दोष देण्याची सोय त्याने दोन हजार वर्षांपूर्वीच काढून घेतली आहे. ख्रिस्ती कॉलेजातल्या स्ट्रक्चर्सच्या पहिल्या तासाला ही गोष्ट सांगितली, तर कुणाचं धर्मांतर होणार नाही. उलट बुरूज का पडतो याची चौकशी कुणाकडे करायची, हे मुलांना कळेल.

कुणी म्हणेल, इंजिनिअरिंग आणि चर्च यांचा संबंध ओढूनताणून आणला आहे. तसं नाही. तुरीनमध्ये डॉन बॉस्को रस्त्यावरची पोरं गोळा करत होते, तेव्हा त्यांनी १८५२ मध्ये एका शिकाऊ सुताराच्या वतीने मालकाशी लेखी करार केला. पोराला शब्दाने सुधारायचं, मारायचं नाही, सणाला सुट्टी द्यायची, अशा अटी त्यात होत्या. तंत्रशिक्षणाचा पहिला धडा त्यांच्या लेखी कामगाराच्या हक्काचा होता. आपल्या नगरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नावाचे अभियंते होते. बोस्टनच्या एमआयटीत शिकलेला हा माणूस इथे येऊन विणकरांचा हातमाग सुधारत बसला, कारण गिरणीच्या कापडापुढे विणकर मरत होता. अलाहाबादजवळ नैनीच्या मिशनच्या कृषी संस्थेत मेसन वॉ यांनी बैलाला ओढायला हलका आणि गावच्या लोहाराला दुरुस्त करता येईल असा नांगर बनवण्यात आयुष्य घातलं. त्याच संस्थेत १९४२ मध्ये कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, आपल्या देशातला पहिला.

आणि फार मागे कशाला जायचं? स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर नगरच्या दुष्काळी गावांत राहिले. डोंगरमाथ्यापासून पायथ्याकडे पाणी अडवत यायचं, गावाने श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, मगच निधी मिळणार, ही शिस्त त्यांनी पाणलोटाच्या कामाला लावली. १९९३ मध्ये उभी राहिलेली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही त्याच कामातून आलेली संस्था. समतल चर खणायला फार मोठं गणित लागत नाही. गाव एकत्र ठेवायला लागतं ते शिक्षण वेगळं आहे. या सगळ्यांत एक धागा दिसतो : यंत्र कुणासाठी, हे आधी ठरलं. यंत्र कसं, हे नंतर.

महाराष्ट्रात खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं ते १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या काळात. पुढच्याच वर्षी वांद्र्यात फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज कॉलेज सुरू झालं, पिलारच्या धर्मगुरूंच्या अ‍ॅग्नेल आश्रमातून. अनाथ मुलांना हातचं काम शिकवण्याची त्या आश्रमाची परंपरा होती. मग वाशीचं अ‍ॅग्नेलचं दुसरं कॉलेज १९९४ मध्ये, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस १९९९ मध्ये, कुर्ल्याचं डॉन बॉस्को २००१ मध्ये, माहीमचं झेवियर २००५ मध्ये. पालघरचं सेंट जॉन हेही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था म्हणून चालतं. वसई-नायगावची पोरं पहाटेच्या लोकलने यांतल्या काही कॉलेजांत जातात. शिस्त चांगली, प्रयोगशाळा चालू, प्राध्यापक तासाला हजर, ही या कॉलेजांची ख्याती आहे आणि ती त्यांनी कमावलेली आहे. माझा पुतण्या त्यांतल्याच एकात शिकला. त्याला तिथे कुणी प्रार्थनेला बसवलं नाही की कुठल्या फादरांनी त्याची जात विचारली नाही.

पण या कॉलेजांच्या शाखा पाहा. संगणक, माहिती तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. स्थापत्य अपवादानेच. मागणी आहे तिथे शाखा, हा बाजाराचा न्याय झाला. ज्या महानगरात माणसं इमारतींखाली मरतात, ज्या वसईत दर जुलैत घरात पाणी शिरतं, तिथे चर्चच्या कॉलेजांनी इमारत आणि पाणी हे दोन विषय बाजारावर सोडून द्यावेत, हे मला पटत नाही. दक्षिणेत कोइम्बतूरचं कारुण्य हे ख्रिस्ती अभिमत विद्यापीठ आपलं काम पाणी, अन्न, आरोग्य आणि ऊर्जा या चार गरजांभोवती मांडतं. ते किती साधतं हा वेगळा विषय. पण आधी गरज नोंदवायची आणि मग विभाग काढायचा, हा क्रम तरी बरोबर आहे.

इथे संविधानाचाही मुद्दा येतो. कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हा हक्क व्यावसायिक शिक्षणालाही लागू असल्याचं सांगितलं. २००५च्या इनामदार खटल्याने कॅपिटेशन फी आणि नफेखोरीला मनाई केली. आपल्या राज्यात अशा कॉलेजांत ५१ टक्के जागा त्या अल्पसंख्याक समाजासाठी असतात. व्यवहारात या हक्काची चर्चा होते ती फक्त या जागांच्या आकड्याभोवती. पण घटनाकारांनी हा हक्क दिला तो काही वेगळं जपण्यासाठी. अल्पसंख्याक संस्था जर बहुसंख्य संस्थांसारखीच पॅकेज विकणार असेल, तर ती आपलाच हक्क पोकळ करते. कायद्याने तो राहील, पण त्याचं कारण उरणार नाही.

सरकारी चौकटीतही जागा नाही असं नाही. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा स्थायी सदस्य झाला, तेव्हापासून मानांकन मिळवणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमाला अभियंत्याची समाजाप्रति जबाबदारी, पर्यावरण आणि नीतिमत्ता ही फलितं दाखवावी लागतात. प्रत्यक्षात काय होतं, हे प्राध्यापक मंडळी चहावर सांगतात. मानांकनाची समिती येण्याआधी तक्ते भरले जातात, प्रत्येक विषयासमोर एक, दोन, तीन असे अंक टाकले जातात, की अमुक विषयातून नीतिमत्ता इतकी साधली. 'संविधान' आणि 'पर्यावरण' हे विषय २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात अनिवार्य पण बिनश्रेयांक ठेवले गेले. ज्याला श्रेयांक नाही त्याला मुलं वेळ देत नाहीत. नीतिमत्तेचा तक्ता भरणं हेच जिथे खोटं लिहिण्याचं पहिलं प्रशिक्षण ठरतं, तिथे पुढे काय होणार?

मग करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात, आणि त्या चारही आमच्या या पट्ट्यात करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, नाही म्हणण्याची परीक्षा घ्या. शेवटच्या वर्षाच्या मुलाला खऱ्या इमारतीचे आकडे द्या, समोर सेक्रेटरी, बिल्डर आणि नगरसेवक यांच्या भूमिकेत अनुभवी माणसं बसवा, आणि त्याला वर्ग ठरवायला लावा. विनवणी, आमिष, दबाव, सगळं होऊ द्या. त्याने कारणं देऊन अहवाल लिहावा आणि त्याच्यावर तोंडी परीक्षेत टिकून दाखवावं. याला पूर्ण श्रेयांक द्या. डॉक्टर खाटेजवळ शिकतो, अभियंता मात्र फळ्यासमोर शिकून थेट सही करायला लागतो.

दुसरी, वसई-विरारच्या पूर्वेला एक संयुक्त तपासणी केंद्र काढा. येशूसंघ, डॉन बॉस्कोंचे सालेशियन, पिलारचे धर्मगुरू, फ्रान्सिस्कन ब्रदर, वसई धर्मप्रांत, सगळ्यांची मिळून एक छोटी प्रयोगशाळा. कोअर कापण्याचं यंत्र, रिबाउंड हॅमर, गंज मोजण्याची उपकरणं, दोन अनुभवी अभियंते आणि पाळीपाळीने येणारे विद्यार्थी. अनधिकृत इमारतींतल्या रहिवाशांना परवडेल अशा दरात तपासणी. अहवालाचं पहिलं पान मराठीत, सोसायटीतल्या गृहिणीला वाचता येईल असं : कुठला खांब, धोका काय, आज रात्री काय करायचं. आजचे अहवाल इंग्रजीत असतात आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांनाच ते वाचता येत नाहीत. केंद्रात एक वकील आणि एक समाजसेवकही हवा. सी-१ लिहून झाल्यावर भाड्याची खोली, मुलांची शाळा, बँकेशी बोलणी, फसवणाऱ्या बिल्डरवर फिर्याद, हे सगळं कुणीतरी बघितलं पाहिजे. बायबलमधल्या दयाळू शोमरोनी माणसाने जखमीला पट्टी बांधून सोडून दिलं नव्हतं. सराईत नेलं, खर्चाचे पैसे दिले आणि उरलेलं परतताना देतो म्हणून सांगितलं. पुढची सोय लावणं हा त्या गोष्टीचा अर्धा भाग आहे, आणि प्रवचनांत तोच सुटतो.

तिसरी, पाणी. तुंगारेश्वरच्या डोंगरावर पडणारा पाऊस चिंचोटी, कामण, ससूनवघर, मालजीपाडा या गावांतून ओढ्यांनी उतरतो आणि महामार्गाखालून खाडीकडे जातो. गेल्या काही वर्षांत ओढ्यांच्या काठी आणि खाजणात मातीभराव झाले, गोदामं आणि गाळे उभे राहिले. यात परप्रांतीयांकडे बोट दाखवू नये. जमिनी आमच्याच भाऊबंदांनी विकल्या आणि डंपर आमच्याच पोरांचे आहेत. आता जोराचा पाऊस झाला की पाणी महामार्गावर येतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, वसई दिवसेंदिवस पाण्यात होती. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. पण तज्ज्ञ येऊन जातात आणि ओढा दरवर्षी अरुंद होतो. एखाद्या कॉलेजाने प्रत्येक उन्हाळ्यात या ओढ्यांची रुंदी-खोली मोजून नकाशासकट जाहीर करावी, ग्रामस्थांना आणि वर्तमानपत्रांना द्यावी. एवढं सर्वेक्षण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सहज जमतं. भराव रात्रीत होतो, पण मोजलेला ओढा रातोरात हरवत नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती वाडीवाल्यांना हे नवं नाही. त्यांची बावखलं, म्हणजे वाडीच्या कडेला खणलेली तळी, पावसाचं पाणी मुरवायची आणि उन्हाळ्यात केळी-पानवेलींना जगवायची. रहाट त्यावर चालायचे. ते शास्त्र कुठल्या पदवीत शिकवलं जात नव्हतं, तरी अभियांत्रिकीच होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या चळवळीत हे पाणी आणि ही हिरवळ वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरून अंगावर रोष घेतला. त्यांच्या बाजूने धर्मगुरू, शेतकरी, लेखक उभे राहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाकडे केवळ कच्चा माल म्हणून पाहणाऱ्या तंत्रज्ञानाच्या मग्रुरीवर टीका केली, तेव्हा वसईकरांना ते ओळखीचंच वाटलं असेल. त्या लढ्याला आकडेवारी आणि नकाशे पुरवणारी चर्चची स्वतःची अभियंत्यांची फळी मात्र उभी राहिली नाही. ती उभी करण्याची वेळ अजून गेलेली नाही.

चौथी गोष्ट संगणकवाल्यांसाठी. सही फक्त स्थापत्यवाल्यांचीच असते असं नाही. माझा पुतण्या एका कंपनीत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचं काम करायचा. हप्ता चुकला की कर्जदाराच्या फोनमधल्या नातेवाइकांना संदेश जातील अशी सोय करायला त्याला सांगितलं गेलं. त्याने ती केली नाही आणि दुसरी नोकरी शोधली. त्याच्या जागी आलेल्याने केली असणार. तो नाही म्हणाला हे कॉलेजाचं यश आहे. पण त्याच्या कॉलेजाला हे माहीत नाही, कारण माजी विद्यार्थ्यांना पाठवल्या जाणाऱ्या अर्जात पगाराचा रकाना आहे, 'तुम्ही काय करायला नकार दिला' असा रकाना नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपलं नाव घेताना १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण काढली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला. रोमने विषय काढला आहे. बोरिवली-कुर्ल्याच्या वर्गांत तो श्रेयांकांसह शिकवायला कुणाची परवानगी लागणार आहे?

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला पालकांचा : आम्ही शेत विकून, कर्ज काढून फी भरतो, मुलाला नोकरी लागली पाहिजे. लागलीच पाहिजे. भुकेला अभियंता सही नाकारू शकत नाही. कर्जाचा डोंगर डोक्यावर असलेला तर अजिबात नाही. म्हणूनच फी आवाक्यात ठेवणं, गरिबाच्या पोराला शिष्यवृत्ती देणं हे नीतिमत्तेच्या तासापेक्षा मोठं नीतिकार्य आहे. ज्या मुलाला आपण नोकरी सोडू शकतो असं वाटतं, तोच नाही म्हणतो. नोकरी सोडावी लागलेल्या माजी विद्यार्थ्यासाठी काही महिन्यांचा आधारनिधी चर्चने ठेवला, तर तो कुठल्याही सुशोभीकरणापेक्षा सत्कारणी लागेल.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येईल : हा धर्मप्रचाराचा नवा मार्ग नाही ना? मी मिशनच्या शाळेत शिकून रोज देवाऱ्यापुढे दिवा लावतो, एवढं उत्तर मला पुरतं. या कॉलेजांत बरीच मुलं इतर धर्मांची असतात. त्यांना ख्रिस्ती करायचं नाही. त्यांना आपल्या कामात प्रामाणिक आणि शेजाऱ्याला जबाबदार करायचं आहे, आणि ते करण्याची हिंमत चर्च आपल्या श्रद्धेतून घेत असेल तर माझी तक्रार नाही. उलट ती हिंमत लपवून ठेवली जाते, ही माझी तक्रार आहे. विश्वस्त मंडळात धर्मगुरू, जाहिरातीत पॅकेज आणि वर्गात मौन, या तिन्हींचा मेळ बसत नाही.

तेव्हा यंदा प्रवेश घेताना पालकांनी प्राचार्यांना पॅकेजबरोबर आणखी दोन प्रश्न जरूर विचारावेत. तुमच्या मुलांनी गेल्या वर्षी कुणाच्या घरासाठी, कुठल्या गावाच्या पाण्यासाठी काम केलं? आणि चुकीच्या कागदावर सही करायची नाही, हे तुम्ही कुठल्या तासाला, किती गुणांसाठी शिकवता? या प्रश्नांना उत्तर देऊ शकणारं कॉलेज चर्चचं असो वा नसो, तिथे मूल घाला. आणि चर्चच्या कॉलेजाला उत्तर देता येत नसेल, तर त्याने क्रूस मिरवण्याआधी अभ्यासक्रम बदलावा.